रिव्ह्यू कुठल्या मातीतला?

मंडळी, तेलीबांधा तलावाभोवती चक्कर मारायला कुठलीही सायकल चालते. प्रश्न येतो मुरमाच्या वाटेवर उतरल्यावर. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट ‘सहा महिने टिकतं’ असं रिव्ह्यूत ऐकलंत, की आधी विचारा, कुठे टिकलं? बहुतेक सीलंट लॅटेक्सचं असतं, उष्णतेत लवकर सुकतं. आणि आपल्या रायपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. उन्हाळ्यात दोन महिन्यांनी हवा सोडा, व्हॉल्व्हचा कोअर काढा, आत बारीक काडी घालून बघा. कोरडी आली तर नवं भरा.

ब्रेक पॅडचंही तेच. रेझिनचे पॅड आवाज करत नाहीत, म्हणून व्हिडिओत आवडतात. पावसाळी चिखलात मात्र भराभर झिजतात. तिथे धातूचे बरे, किंचाळले तरी.

वस्तू फुकट मिळाली असेल तर ते सांगायलाच हवं, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केलंय. फुकटची म्हणून रिव्ह्यू खोटा ठरत नाही. पहिल्या आठवड्यातला रिव्ह्यू मात्र मी खोक्याचाच समजतो!

हेल्मेटचं तर चालवून काहीच कळत नाही. तिथे व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे तारे बघा. २०१८पासून ते सायकलची हेल्मेटं आपटून गुण देतात. डोक्यावर नीट बसतं का, ते दुकानात जाऊनच बघायचं.