संकेतस्थळ : शास्त्रदान आणि अभयदान

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त माळशिरस येथे भरलेल्या सभेतील व्याख्यान)



संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होत असताना तिचे स्वतःचे संकेतस्थळ, म्हणजेच वेबसाइट, सुरू करावे असा ठराव विश्वस्त मंडळाने केला. त्याचा कच्चा आराखडा पाहून चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा मला झाली. उद्घाटनाला अद्याप अवधी आहे. तेव्हा आज कौतुकापेक्षा तयारीविषयी बोलणे अधिक उपयोगाचे होईल, असे मला वाटते.

ठरावाच्या वेळी काही वडीलधाऱ्यांनी शंका घेतली की, धर्माच्या गोष्टी अशा उघड्यावर मांडणे योग्य आहे काय? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या समाजाने ती पूर्वीही एकदा फार गंभीरपणे विचारली आहे, आणि त्या चर्चेशी आपल्या सोलापूर जिल्ह्याचा जवळचा संबंध आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जैन शास्त्रे छापावीत की नाहीत यावर मोठा वाद झाला. छापखान्यातील शाई, सरस आणि कातडे अशुद्ध. शिवाय छापील पान रद्दीत गेले तर जिनवाणीचा अविनय होईल, असे विरोधकांचे म्हणणे होते. त्याच काळात सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू केले. मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत धवला, जयधवला हे ग्रंथ शतकानुशतके ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत होते. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडे, वाचन मात्र घडत नसे. त्यांच्या प्रती करवून घेण्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासह हे आपले हिराचंद शेठही होते. प्रतिलेखनाचे ते काम अनेक वर्षे चालले. अखेर १९३९ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला षट्खंडागमाचा पहिला भाग अमरावतीहून छापून बाहेर आला, आणि पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा भाग पूर्ण झाले. त्याची सुधारित आवृत्ती १९७३ पासून सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने, ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या नावाच्या ग्रंथमालेतून काढली. आज ‘जैना’ या अमेरिकेतील जैन संस्थांच्या महासंघाच्या शिक्षण समितीने उभारलेल्या जैन ई-लायब्ररीवर हजारो ग्रंथ घरबसल्या वाचता येतात. ताडपत्रापासून पडद्यापर्यंतच्या या वाटचालीत शास्त्राचे काही उणे झाले असे कोणी म्हणणार नाही.

परंतु त्या काळचे विरोधक सर्वस्वी चुकीचे होते असेही मी मानत नाही. अविनयाची त्यांची भीती खरी होती. केवळ छापूच नये हा त्यांचा उपाय बरोबर नव्हता. आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. संकेतस्थळाने शास्त्रदान करावे हे उघडच आहे. पण अभयदान? आपल्या एखाद्या पानामुळे समाजातील एकाही घराला भय उत्पन्न होऊ नये, हाही त्याच दानधर्माचा भाग होय. आराखडा वाचताना हा विचार माझ्या मनात सतत होता, आणि माझा मुख्य आक्षेपही त्यातूनच निघाला आहे.

आराखड्यात एक कलम असे आहे की, संस्थेची कुटुंब परिचय पुस्तिका संपूर्णपणे संकेतस्थळावर ठेवावी. पुस्तिकेत काय काय आहे पाहा : कुटुंबप्रमुखाचे नाव, पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक, मुलामुलींच्या जन्मतारखा, शिक्षण, कोणता मुलगा पुण्यात नोकरीला, कोणती कन्या परदेशी, कोण विवाहेच्छू. छापील पुस्तिका साडेतीनशे घरांत जाते आणि कपाटात राहते. संकेतस्थळावरचे पान मात्र कोणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही. घरी वृद्ध जोडपेच असते, आणि एक दिवस दूरध्वनी येतो की तुमचा अमुक मुलगा, अमुक शहरात, अपघातात सापडला आहे, ताबडतोब पैसे पाठवा. अशी फसवणूक आज सर्रास होते. मुलाचे नाव आणि गाव समोरच्याने अचूक सांगितल्यावर आईबापांचा विश्वास बसतो. ती अचूक माहिती आपणच पुरवावी काय? उपवर मुलींची छायाचित्रे आणि क्रमांक यांविषयी तर अधिक बोलण्याची गरज नाही.

कायदाही आता याच बाजूचा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. व्यक्तीची संमती हा त्याचा पाया असून अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरते. पुस्तिकेसाठी वीस वर्षांपूर्वी भरून दिलेला फॉर्म म्हणजे अशी संमती नव्हे. माझी स्पष्ट सूचना अशी की परिचय पुस्तिका कागदावरच राहावी. वधूवर माहितीसाठी संकेतस्थळावर केवळ कार्यालयाचा क्रमांक द्यावा; चौकशी करणारा कोण, हे आपला माणूस आधी विचारील.

हीच गोष्ट मूर्तींची. मूलनायक भगवंतांचे छायाचित्र अवश्य असावे. दूरदेशी राहणाऱ्या आजीला सकाळी दर्शन घडले तर तिचा दिवस सुखाचा जाईल. परंतु प्रत्येक पंचधातू मूर्तीची उंची, वजन, काळ, ती कोणत्या वेदीवर असते आणि मंदिराचा नकाशा, ही जंत्री कशासाठी? धातुमूर्तींच्या चोऱ्या आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. अशी तपशीलवार नोंद संस्थेच्या दप्तरी छायाचित्रांसह जरूर असावी, कारण दुर्दैवाने चोरी झाली तर तपासात तीच कामी येते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी, मोलाची हस्तलिखिते पुरावशेषांत धरली जातात, हेही विश्वस्तांनी लक्षात घ्यावे.

मग संकेतस्थळावर काय असावे? बाहेरगावच्या माणसाला काय हवे असते, तेथून सुरुवात करावी. आपल्याच तालुक्यातील दहिगावच्या अतिशय क्षेत्री भगवान महावीरांच्या दर्शनाला निघालेले कुटुंब वाटेत विचारते : मंदिर कधी उघडते, धर्मशाळेत खोली मिळेल का, सूर्यास्तापूर्वी भोजनाची सोय आहे का, कोणाला दूरध्वनी करावा? एवढी चार उत्तरे पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत, मोबाइलवर वाचता येतील अशी असावीत. आणखी एक पाचवे. आषाढात माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर या मार्गाने पंढरीला जाते. त्या दिवसांत वाहतूक वळविलेली असते. परगावच्या यात्रेकरूला हे ठाऊक नसते. आपण आधी सांगितले तर त्याचे लहान मुलांसह होणारे हाल वाचतील. उत्सवांच्या तारखा तिथीने बदलतात, म्हणून दरवर्षी चैत्र शुद्ध त्रयोदशी, भाद्रपदातील पर्युषण व दशलक्षण पर्व आणि चातुर्मास यांच्या इंग्रजी तारखा पंचांग पाहून हाताने भराव्या लागतील. मागील वर्षाची तारीख तशीच राहिलेले पान नसलेल्या पानापेक्षा वाईट.

आता थोडे अक्षरांविषयी. विषय रुक्ष वाटेल, पण येथेच बहुतेक मराठी संकेतस्थळे अडतात. संस्थेचे जुने अहवाल आणि पत्रिका ज्या फाँटमध्ये जुळविल्या आहेत, ते युनिकोडपूर्व आहेत. तो मजकूर उचलून संकेतस्थळावर टाकला की रोमन अक्षरांचा अर्थहीन कचरा दिसतो. त्यावर सोपा म्हणून पानाचे चित्र काढून ते डकवतात. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, आणि अंध व्यक्तीचे वाचून दाखविणारे यंत्रही तेथे सहसा मुके होते. सर्व मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि रूपांतरानंतर प्रत्येक ओळ माणसाने तपासावी. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्या संगणकात दोन प्रकारांनी लिहिला जातो. डोळ्याला दोन्ही सारखेच, शोधताना मात्र एक हुकू शकतो. हिंदीच्या सवयीने ‘माळशिरस’चे ‘मालशिरस’ होते ते निराळेच. नमस्कार महामंत्रात एक अनुस्वार जरी गळला, तरी ते पान प्रसिद्ध करू नये, असा माझा आग्रह आहे.

देणग्यांबाबत एकच सावधगिरी सांगतो. परदेशातील आपली मुले उदार आहेत, पण २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याखेरीज संस्थेला परकीय देणगी स्वीकारता येत नाही. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम यात मोडत नाही. ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले त्याची मोडते. तेव्हा देणगीचे बटण लावण्यापूर्वी लेखापालांचा लेखी सल्ला घ्यावा.

संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, संस्थेच्याच नावावर नोंदवावे. ते बनवून देणाऱ्या उत्साही तरुणाच्या नावावर नको. तो उद्या बेंगळुरूला नोकरीला जाईल, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या पत्त्यावर येईल, मुदत संपेल आणि ते नाव दुसराच कोणी विकत घेईल. एका संस्थेच्या बाबतीत मी हे घडलेले पाहिले आहे. तिच्या नावाच्या पत्त्यावर पुढे जुगाराच्या जाहिराती दिसत होत्या. पासवर्ड दोन विश्वस्तांकडे असावा आणि नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत असावी. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी नावही मिळते. तेही घेऊन ठेवावे.

दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी आणि श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी साजरी होते. त्या दिवशी शास्त्रभांडार उघडून ग्रंथांवरील धूळ झटकतात, वेष्टने बदलतात. संकेतस्थळाची वार्षिक तपासणीही याच तिथीला ठेवावी, अशी माझी विनंती आहे. बंद झालेले क्रमांक काढावेत, दिवंगत विश्वस्तांच्या नावापुढे योग्य उल्लेख करावा, बिघडलेली पाने दुरुस्त करावीत.

उद्घाटन सुवर्णमहोत्सवाच्या मुख्य दिवशीच व्हावे असा काहींचा आग्रह आहे. त्या दिवशी चार पाने पूर्ण आणि निर्दोष असतील तर चारच पानांचे उद्घाटन करावे. ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावलेली वीस दालने पाहुण्यांना दाखवू नयेत.

इतिहासाच्या पानासाठी संस्थेकडे जुनी छायाचित्रे फार थोडी आहेत. आपल्या घरी मंदिराच्या पंचकल्याणकाची, पाठशाळेची, जुन्या रथयात्रेची छायाचित्रे असतील तर ती कार्यालयात आणावीत. मागे पेन्सिलीने नावे लिहावीत, पेनाने नव्हे, म्हणजे शाई पुढच्या बाजूला उमटणार नाही. ज्यांना चेहरे ओळखता येतात असे आपल्यातील वडीलधारे आता मोजकेच उरले आहेत, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. छायाचित्र तेथेच स्कॅन करून त्याच दिवशी परत मिळेल.

जय जिनेंद्र.