गेटवरची वही आणि खिशातला फोन

(रौप्यमहोत्सवी समारंभात आपले एक ज्येष्ठ सभासद, जे निवृत्त वकील आहेत, यांनी केलेले भाषण.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. नंतर मुलांचे नाच आहेत आणि जेवणही तयार आहे, त्यामुळे वेळ पाळतो.

जुन्या सभासदांना आठवत असेल. एकदा भर दुपारी एक गृहस्थ गेटवर आले. "चौकीतून आलोय," म्हणाले आणि व्हिजिटर्सची वही मागितली. एका फ्लॅटमध्ये कोण येतं-जातं ते त्यांना बघायचं होतं. आपल्या वॉचमनकाकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "साहेब, लेटर दाखवा. मी सेक्रेटरींना फोन लावतो." ते गृहस्थ पाणी पिऊन गेले, ते परत आलेच नाहीत.

काकांनी कायदा शिकलेला नाही. पण बघणारा एक आणि परवानगी देणारा दुसरा असावा, हे त्यांना बरोबर कळलं. आपल्या फोनच्या बाबतीत मात्र आपल्या देशात ही गोष्ट अजून नीट झालेली नाही.

घराची झडती घ्यायची तर साधारणपणे मॅजिस्ट्रेटचं वॉरंट लागतं. अपवाद आहेत, पण त्यांचीही कारणं लिहून ठेवावी लागतात. फोन ऐकायला मात्र कोर्टात जावं लागत नाही. 1885 च्या इंग्रजांच्या टेलिग्राफ कायद्यात ही मुभा सरकारलाच होती. 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' ही संघटना त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली. डिसेंबर 1996 मध्ये निकाल लागला. फोनवरचं बोलणं हा खाजगी आयुष्याचा भाग आहे, त्याला घटनेच्या कलम 21 चं संरक्षण आहे, असं कोर्टाने सांगितलं. आदेश गृहसचिवांनीच द्यावा, तो दोन महिने चालावा, वाढवला तरी एकूण सहा महिन्यांच्या वर नको, आणि एका समितीने तो तपासावा, असे नियम घालून दिले. पण आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या, असं कोर्टाने म्हटलं नाही. कायद्यात तशी तरतूद नाही, म्हणून.

आता ती समिती बघा. त्यात सगळे सरकारी अधिकारी, न्यायाधीश एकही नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 च्या अहवालात दाखवून दिलं, की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या या समितीपुढे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश असतात. आपल्या एजीएममध्ये पंधरा विषय असले, तरी दहाव्यानंतर सगळे "मंजूर, मंजूर" म्हणत जिन्याकडे बघायला लागतात. अठरा हजारांचं काय होत असेल?

आपल्या मुंबई हायकोर्टातलंच प्रकरण सांगतो. एका व्यावसायिकावर लाच दिल्याचा आरोप होता. 2009-10 मध्ये त्याचे फोन ऐकण्याचे तीन आदेश निघाले. 2019 मध्ये हायकोर्टाने ते तिन्ही रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, यांपैकी कशाचाच तिथे संबंध नव्हता. न्याय मिळाला, पण जवळजवळ दहा वर्षांनी. न्यायाधीशाने तोच कागद पहिल्याच दिवशी वाचला असता तर?

कोणी म्हणेल, "काका, 26/11 विसरलात का?" नाही विसरलो. त्या रात्री अतिरेक्यांचे आणि त्यांच्या सूत्रधारांचे फोन आपल्या यंत्रणांनी ऐकले, ते पुढे पुरावा म्हणून कोर्टात उपयोगी पडले. ऐकायलाच हवे होते. फोन कधीच ऐकू नका, असं मी म्हणतच नाही. खरोखर घाई असेल तर आधी ऐका, पण दोन-तीन दिवसांत न्यायाधीशापुढे कागद ठेवा. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायला 1968 पासून न्यायाधीशाचा आदेश लागतो. ब्रिटनमध्ये 2016 च्या कायद्याने मंत्र्यांच्या सहीनंतर न्यायिक आयुक्तांची मंजुरी आली. हे देश काही गुन्हेगारांना मोकळं सोडत नाहीत.

दुसरं कोणी म्हणेल, "मी साधा माणूस, मला काय लपवायचंय?" माझ्या वकिलीत असे कितीतरी अशील होते, जे फोनवर अर्ध्यात थांबायचे आणि म्हणायचे, "साहेब, भेटल्यावर बोलू." त्यांचा फोन कोणी ऐकत होतं का, देव जाणे. पण शंकेनेच त्यांची जीभ अडखळायची. त्यात गुन्हेगार थोडे. बाकीचे मालकाशी, बिल्डरशी भांडणारे, तुमच्या-माझ्यासारखेच.

2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्यानंतर 2023 मध्ये नवा दूरसंचार कायदा आला, 2024 मध्ये त्याचे नियम आले. जुना कायदा बदलायची ती संधी होती. पण सही अजून गृहसचिवांचीच आहे.

हे बदलायचं तर संसदेत बदलावं लागेल. म्हणून मतं मागायला उमेदवार आपल्या गेटवर येतील, तेव्हा पाणी आणि रस्त्याबरोबर हाही एक प्रश्न विचारा. पाहुणचारात कमी करू नका. खुर्ची द्या, पाणी द्या. आणि काकांसारखं विचारा, "साहेब, लेटर कुठे आहे?"