नोकरी राखणं हाच खरा विमा



महापालिका, नगरपालिका, परिवहन आणि वीज क्षेत्रातल्या कामगार प्रतिनिधींच्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलं आहे. पगारवाढ, महागाई भत्ता आणि जुनी पेन्शन यांवर पुढच्या सत्रांत सविस्तर चर्चा होणारच आहे. म्हणून माझा वेळ मी एकाच प्रश्नाला देणार आहे. नोकरीत असताना ज्याला अपंगत्व येतं, त्या कामगाराच्या मागे आपण कसे उभे राहतो?

हा प्रश्न आपल्या चळवळीइतकाच जुना आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याच निवेदनात असंही म्हटलं होतं की, कामावर गंभीर दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. निर्वाहाच्या तरतुदीचं काम मात्र आजही अर्धवट आहे.

अर्धवट म्हणण्याचं कारण सांगतो. १९२३ च्या कायद्याने भरपाई आणली. पगार, वय आणि अपंगत्वाची टक्केवारी यांचा हिशेब करून एक रक्कम हातात येते आणि मालकाची जबाबदारी तिथे संपते. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपये भरले की अपघाताने पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख आणि अंशतः आल्यास एक लाख मिळतात. हे पैसे अडचणीत उपयोगी पडतात, ते नाकारण्याचं कारण नाही. पण चाळिशीतल्या माणसाला अजून वीस वर्षं घर चालवायचं असतं. दोन लाखांत त्यातली किती वर्षं निघतील, याचा हिशेब इथे बसलेल्या प्रत्येकाला करता येतो.

दुसरं असं की, आपल्याकडचे बहुतेक विमे अपघातापुरते आहेत. आपल्या माणसांचं शरीर मात्र बहुधा अपघाताने जात नाही, ते वर्षानुवर्षांच्या कामाने झिजतं. एसटीच्या चालकाची कंबर आणि डोळे जातात. कचऱ्याच्या गाडीवरच्या कामगाराची फुप्फुसं जातात. रुग्ण उचलून उचलून परिचारिकेचे मणके सरकतात. यातल्या कशाचाही पंचनामा होत नाही, म्हणून विम्याचा अर्जही भरला जात नाही. १९९० साली राजस्थानच्या परिवहन महामंडळातल्या चालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चालकाची दृष्टी अधू होण्याचा संबंध त्याच्या कामाशी जोडला. अशा चालकांना नुसतं घरी पाठवता येणार नाही, पर्यायी काम द्या, ते शक्य नसेल तर उरलेल्या नोकरीच्या प्रमाणात जादा भरपाई द्या, असा आदेश दिला. कामामुळे येणारी झीज ही कामाच्याच खात्यात मांडली पाहिजे, हे तत्त्व तेव्हापासून आपल्या हातात आहे.

आता थोडं आपल्याच घरातलं बोलतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर हे काम लादलं गेलं त्यांना मिळालेलं हे संरक्षण आहे आणि त्याला कुणी हात लावला तर आपण रस्त्यावर उतरू. पण या तरतुदीच्या एका परिणामाबद्दल आपण उघड बोलत नाही. कामगार आजारी पडला की चौकीवर, घरात आणि कधीकधी युनियनच्या कार्यालयातही पहिला सल्ला मिळतो: अनफिट करून घे, मुलाला लावून टाक. पन्नाशीही न गाठलेला माणूस आपली नोकरी सोडून घरी बसतो आणि मुलगा शिक्षण सोडून त्याच कचऱ्याच्या गाडीवर चढतो. वारसाहक्क हा हक्क आहे, पण तो अपंगत्वाचा एकमेव उपाय झाला की एका माणसाच्या आजाराची किंमत दोन पिढ्या मोजतात.

पंजाब राज्य वीज मंडळातल्या एका लाइनमनची हीच कथा आहे. नोकरीत असताना १९९४ साली तो पूर्ण अंध झाला. त्याने निवृत्तीचा अर्ज केला आणि बायकोला नोकरी द्या, अशी विनंती केली. मंडळाने निवृत्ती मान्य केली, बायकोला मात्र नोकरी दिली नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायद्याने त्याची नोकरी सुरक्षित होती. त्याला हे ठाऊक नसेल तर समजावून सांगण्याचं कर्तव्य मंडळाचं होतं. अज्ञानातून आलेल्या त्या अर्जाचा फायदा मंडळाला घेता येणार नाही. हा निकाल वाचताना मला सारखं वाटत राहिलं की, कर्तव्य एकट्या मंडळाचं नव्हतं. तो अर्ज लिहिला जात असताना त्याच्या शेजारी कायदा माहीत असलेला एक कार्यकर्ता बसायला हवा होता.

तो कायदा काय सांगतो? आधी अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्याचं कलम ४७ आणि आता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २०, पोटकलम ४. सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही नेता येत नाही. मूळ काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसरं पद द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करायचं आणि योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला त्यावर ठेवायचं. सरकारी आस्थापना म्हणजे फक्त मंत्रालय नव्हे. महापालिका, नगरपालिका, कायद्याने स्थापन झालेली महामंडळं आणि सरकारी कंपन्या या सगळ्या त्यात येतात. आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत आणि त्यांत मानसिक आजारही आहे.

मानसिक आजाराचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. आपल्याकडे तो आजाराच्या नावाने येत नाही, गैरहजेरीच्या नावाने येतो. माणूस कामावर येईनासा होतो, वरिष्ठांशी भांडतो, आणि त्याच्या हातात चार्जशीट पडते. २०२१ साली केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, ज्या वर्तनामागे मानसिक अपंगत्व आहे, त्यासाठी शिस्तभंगाची कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. यापुढे गैरहजेरीची प्रत्येक चार्जशीट हाती आली की आधी त्या माणसाची प्रकृती विचारा, मग उत्तराचा मसुदा करा.

कायदा इतका चांगला असूनही माणसं घरी का बसतात? कारण आपण उशिरा पोहोचतो. मेडिकल बोर्डाने अनफिट लिहिल्यावर, आस्थापना विभागाने आदेश काढल्यावर, सगळी रजा संपून बिनपगारी सुरू झाल्यावर. जर्मनीत २००४ पासून नियम आहे की, कर्मचारी वर्षभरात सहा आठवड्यांहून जास्त आजारी राहिला तर मालकाने स्वतः त्याच्याशी बोलून तो कामावर टिकेल कसा, याची योजना मांडायची. कर्मचाऱ्याची संमती असेल तर कामगार प्रतिनिधीही त्या बैठकीत बसतो. कॅनडात केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या अपंगत्व विम्यात तेरा आठवड्यांनंतर पगाराच्या सत्तर टक्के रक्कम दरमहा मिळू लागते. कारण अपघात असो वा आजार, फरक पडत नाही. तिथलीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वोल्फगँग झिमरमन हा जंगलातला कामगार अंगावर झाड कोसळून अधू झाला. पुढे त्याने मालक आणि युनियन या दोघांना एका टेबलावर आणून अपंगत्व व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था उभी केली. या तिन्ही उदाहरणांत समान धागा एकच. माणूस नोकरीतून बाहेर फेकला जाण्याआधी मदतीचं काम सुरू होतं.

आपल्याकडेही युनियनने हे करून दाखवलं आहे. तेलंगणातल्या एका बसचालकाला रंगांधळेपणामुळे अनफिट ठरवून निवृत्त करण्यात आलं. रंगांधळेपण कायद्याच्या एकवीस प्रकारांत नाही. पण तेव्हाच्या संयुक्त आंध्र प्रदेशच्या महामंडळाने १९७९ साली युनियनशी केलेल्या करारात अशा चालकांना पर्यायी नोकरी देण्याचं कलम होतं. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम बंधनकारक मानलं आणि त्या चालकाला योग्य पद देण्याचा आदेश दिला. ते कलम ज्यांनी भांडून लिहून घेतलं, त्यांनी या चालकाला कधी पाहिलंही नसेल. सेहेचाळीस वर्षांनी त्यांची लेखणी त्याच्या कामी आली. करारातल्या एका ओळीचं मोल याहून वेगळं काय सांगू?

या संरक्षणाच्या बाहेर कंत्राटी कामगार उभा आहे. काम तेच, गाडी तीच, पण त्याचा मालक कागदावर ठेकेदार. पगार महिना एकवीस हजारांपर्यंत असेल तर त्याला कर्मचारी राज्य विमा लागू होतो. कामावरच्या दुखापतीत बरा होईपर्यंत पगाराच्या नव्वद टक्के रक्कम मिळते, आणि कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास त्याच दराने दरमहा मिळत राहते. ठेकेदाराने नोंदणीच केली नाही तर हे मिळवण्यासाठी त्याला कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. २०१७ साली कचरा वाहतूक श्रमिक संघाने मुंबई महापालिकेतल्या सत्तावीसशे कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून मिळवला. कायम नोकरी मिळाली की तिच्यासोबत कलम २० चं कवच मिळतं. म्हणून कायम करण्याची लढाई ही अपंगत्वाच्या संरक्षणाचीही लढाई आहे.

या परिषदेने पाच ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. पहिला, पुढच्या प्रत्येक करारात अपंगत्वाचं स्वतंत्र कलम असावं आणि ते कायद्याच्या यादीपुरतं मर्यादित नसावं. दुसरा, सहा आठवड्यांहून लांबलेल्या प्रत्येक आजारपणात प्रशासन आणि युनियन यांच्या संयुक्त समितीने कामगाराच्या संमतीने त्याची भेट घ्यावी. तिसरा, प्रत्येक आगार, वॉर्ड आणि रुग्णालयात पर्यायी पदांची यादी आधीच तयार असावी. चौथा, समूह विम्यात अपघाताबरोबर आजारही यावा आणि एकरकमी पैशांऐवजी दरमहा उत्पन्नाची हमी मिळावी. पाचवा, कामगारांची विमा नोंदणी दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघू नये.

सहावी गोष्ट प्रशासनाकडे मागायची नाही, ती आपणच करायची आहे. प्रत्येक शाखेने एक कार्यकर्ता या कामासाठी नेमावा. त्याला कायदा माहीत असावा, सेवापुस्तक वाचता यावं आणि मेडिकल बोर्डाच्या दारापर्यंत त्याने कामगाराबरोबर जावं. वर्गणी भरणारा कामगार आपल्याला सर्वात जास्त हाक मारतो तो आजारपणाच्या दिवसांत. तेव्हा युनियन त्याच्या शेजारी दिसली, तर मोर्च्याला माणसं गोळा करायला आपल्याला पत्रकं वाटावी लागणार नाहीत. हे ठराव आपण एकमताने संमत कराल आणि गावी परतल्यावर पहिल्याच शाखा बैठकीत तो कार्यकर्ता नेमाल, असा विश्वास मी बाळगतो.