लोखंडी कढईतलं चायनीज

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)

तायांनो, आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले. जखमी सैनिकांची सेवा करता करता 1942 साली तिथंच वारले. त्या देशातलं घरचं जेवण आपल्या गाड्यावरच्या लालभडक चायनीजसारखं नसतं बरं का! भाज्या बारीक चिरायच्या, कढई कडक तापवायची, थोडं तेल, आणि मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं हलवत राहायचं. भाजी करकरीत राहते. उकळून पाणी फेकत नाही, म्हणून सी जीवनसत्त्व फार वाया जात नाही.

माझं हिमोग्लोबिन 9 निघालं, तेव्हापासून मी कोबी, गाजर, घेवडा, कांद्याची पात अशीच लोखंडी कढईत परतते. कढईतलंही थोडं लोह उतरतं. खाली उतरवून लिंबू पिळते, त्यानं लोह अंगी लागतं. वरून भाजलेले शेंगदाणे. चीनच्या सिचुआन भागातही कोंबडीच्या भाजीत घालतात. सोया सॉस खारट असतो, तो घातला तर मीठ हात आखडून. भाजी कढईत ठेवू नका, काळी पडते. आणि दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या मी सोडलेल्या नाहीत.

पोरगा म्हणाला, "आई, लाल रंग कुठाय?" पण ताट पुसून खाल्लं.