कृपा आणि ख्रिस्तसभेचे ऐक्य
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण झाली, म्हणून आज आपण येथे जमलो आहोत. पन्नासाव्या वर्षाचा महोत्सव लेवीय पुस्तकाने घालून दिला आहे. त्या वर्षी रणशिंग फुंकावयाचे, दासांस मुक्त करावयाचे आणि ज्याची वडिलार्जित जमीन हातची गेली असेल त्यास ती परत द्यावयाची, अशी आज्ञा होती. तेव्हा केवळ आपल्या देवळाचे गुणगान करून आपण आज घरी गेलो, तर महोत्सव अर्धाच झाला असे आम्हांस वाटते. प्रभू येशूचे नाव घेणारी दुसरी मंडळीही याच गावात राहतात, आणि त्यांच्याशी आपला हिशेब अजून मिटलेला नाही.

पंक्तिभेद म्हणजे काय, हे मराठी माणसास समजावून सांगावे लागत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांनी तो सोसला आहे. असाच पंक्तिभेद अंत्युखियाच्या मंडळीत घडला. संत पेत्र परराष्ट्रीय बांधवांसह एका पंक्तीस जेवत असे; परंतु याकोबाकडून काही लोक येताच सुंतेच्या अभिमान्यांस भिऊन तो वेगळा बसू लागला. बर्णबासारखा भला मनुष्यही त्यात ओढला गेला. संत पौलाने पेत्रास सर्वांदेखत तोंडावर दोष दिला, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आपण वाचतोच. ज्या कृपेने दोघांसही सारखेच पदरात घेतले, तिला ताटाची वाटणी कशी सोसावी?

पेत्राची चूक सांगणे सोपे आहे. आमची सांगणे कठीण. आम्ही नवखे धर्मगुरू असताना अन्य एका धर्मग्रामात होतो. पावसाळ्यातील एका रात्री एक कॅथलिक भगिनी दाराशी आली. तिचा पती प्रॉटेस्टंट होता. तो त्याच दिवशी वारला होता, आणि त्याच्या मंडळीचे पाद्रीसाहेब परगावी होते. आपल्या दफनभूमीत त्यास जागा मिळावी व दोन प्रार्थना म्हटल्या जाव्यात, एवढेच तिचे मागणे. आम्ही नोंदवही उघडली आणि म्हणालो, "यात नाव नाही." ती फक्त "बरं, फादर" म्हणाली आणि पावसात परत गेली. दुसऱ्या दिवशी टेंपोने तो देह त्याच्या मूळ गावी गेला.

आणि नियमाचे म्हणावे, तर नियमही आम्हांस नीट ठाऊक नव्हता! 1983 च्या धर्मविधिसंहितेतील 1183 वे कलम अशाच प्रसंगासाठी आहे. मयताची इच्छा त्याविरुद्ध नसेल आणि त्याचा पाद्री उपलब्ध नसेल, तर महागुरूंच्या विवेकानुसार त्यास ख्रिस्तसभेचा अंत्यविधी लाभू शकतो. त्याच संहितेचे शेवटचे, 1752 वे, कलम आत्म्यांचे तारण हाच परमोच्च नियम मानते. महागुरूंस एक फोन करावयाचा होता. तो आम्ही केला नाही. ख्रिस्तसभेचा कायदा कठोर नव्हता, आमचे मन कठोर होते.

ज्या प्रश्नावरून पश्चिमेकडील ख्रिस्तसभा सोळाव्या शतकात दुभंगली, तो कृपेचाच होता. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग नगरात कॅथलिक ख्रिस्तसभा व लुथरन मंडळ्यांचा जागतिक संघ यांनी एका घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईने नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासात, देव आपला स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा आपणांस सत्कृत्यांस प्रवृत्त करतो, असे दोघांनी एकमुखाने म्हटले. 2006 साली मेथडिस्ट आणि 2017 साली रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात सामील झाल्या. आपल्या नागपुरातच 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. आपल्या शेजारचे देऊळ तिचेच आहे.

वेदीवरील पवित्र भोजन अद्याप आपणांस एकत्र घेता येत नाही. ते दुःख आम्ही लपवीत नाही, आणि कोणी मनाने ती मर्यादा ओलांडावी असेही सांगत नाही. परंतु लग्नघरची पंक्ती, आजाऱ्याची खाट, शास्त्रवाचन आणि कबरस्तान येथे आपणांस कोणी अडविले आहे? 18 ते 25 जानेवारीच्या ऐक्यप्रार्थना सप्ताहात मात्र आपल्याकडून पाच-सहाच माणसे शेजारच्या देवळात जातात; त्यांतही बहुतेक जणी त्या घरांत दिलेल्या आपल्याच लेकी असतात!

त्या भगिनीची क्षमा मागावयास आम्ही गेलो, त्याला फार वर्षे लागली. तिने चहा केला व त्या रात्रीचा विषय काढला नाही. निघताना एवढेच विचारले, "मृतांच्या दिवशी तिकडे याल का?" गेल्या 2 नोव्हेंबरला आपल्या कबरींवर प्रार्थना झाल्यावर आम्ही तिच्या पतीच्या गावी गेलो. तेथील पाद्रीसाहेब फाटकाशी उभे होते. त्यांनी शास्त्रपाठ वाचला, आम्ही प्रार्थना म्हटली, आणि तिच्या नातवाने मेणबत्ती लावली.