पुण्याचा क्लब आणि इंग्लंडचा जिना

नोव्हेंबर 2010मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला. तेव्हा तो प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत खेळत होता. मे 2012मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत उतरला, 2017 साली तिसऱ्या श्रेणीत गेला आणि वर्षभरात पुन्हा एक पायरी चढला. हा क्लब 1995 सालचा प्रीमियर लीग विजेता! आपल्याकडे मुंबई इंडियन्स गुणतक्त्यात तळाला राहिली, तरी पुढच्या मोसमात ती आयपीएलमध्येच असते. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये ही सवलत कोणालाच नाही.

श्रोतेहो, तिथली रचना म्हणजे एक लांबलचक जिना आहे. सर्वांत वर प्रीमियर लीगचे 20 संघ. खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी 24 संघांच्या. पाचवी पायरी नॅशनल लीगची. सहाव्या पायरीवर उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडतात आणि तिथून खाली जिना रुंदच होत जातो, कारण नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांना दर आठवड्याला देश पालथा घालणे परवडत नाही.

मोसम संपला की प्रीमियर लीगमधले शेवटचे तीन संघ खाली येतात आणि चॅम्पियनशिपमधले तीन वर जातात. त्यांतले पहिले दोन थेट; तिसरा प्ले-ऑफमधून ठरतो. त्याचा अंतिम सामना वेम्बलीवर होतो. 2023 साली तिथे ल्यूटन टाउनने कव्हेंट्रीला पेनल्टींवर हरवले. हाच ल्यूटन 2014पर्यंत पाचव्या श्रेणीत झगडत होता.

जिना पहिल्यापासून इतका मोकळा मात्र नव्हता. 1888 साली ॲस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने 12 क्लबांनी फुटबॉल लीग सुरू केली. ब्लॅकबर्न त्यांतलाच एक. लीगच्या आत चढउतार लवकरच सुरू झाले, पण तळाच्या दरवाजाला पुढची जवळजवळ शंभर वर्षे मतदानाची कडी होती. शेवटच्या संघांना ठेवायचे की काढायचे, हे लीगमधले क्लब मते देऊन ठरवत. साहजिकच जुना सोबती बहुतेक वेळा वाचे आणि बाहेरचा संघ सामने जिंकूनही उंबऱ्याबाहेर ताटकळत राही. 1987 साली ही कडी निघाली. पाचव्या श्रेणीचा विजेता स्कारबरो हक्काने आत आला, लिंकन सिटी बाहेर गेला.

या बदलाचे मोल विम्बल्डनच्या लोकांना पुढे कळले. 1988 साली एफए कप जिंकणारा त्यांचा क्लब सुमारे 90 किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला हलवायला 2002 साली परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला आणि थेट नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली. नऊ मोसमांत पाच वेळा बढती मिळवून 2011 साली तो चौथ्या श्रेणीत पोहोचला. कोणाच्या मताची मनधरणी करावी लागली नाही.

नोव्हेंबर 2020मध्ये हा क्लब विम्बल्डनच्या प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये परतला. कोविडमुळे त्या पहिल्या सामन्याला प्रेक्षकांना प्रवेश नव्हता.