वॉरंटीतली गाडी डीलरकडून दुरुस्त करून घेताना

(शेतकरी मंडळासाठीच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कृषी विस्ताराच्या कामासाठी गावोगाव हिंडताना बियाणे, खत, औषध यांच्या प्रश्नांबरोबर अलीकडे आणखी एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, माल न्यायला नवी पिकअप घेतली. वर्ष झालं नाही तोवर घाटात दम तोडते. शोरूमवाले म्हणतात गाडीत काही दोष नाही. आता काय करायचं?" हा प्रश्न शेतीचाच आहे. टोमॅटोचा तोडा झालेला असतो, माल क्रेटमध्ये भरलेला असतो आणि गाडी रस्त्यात उभी राहिली तर त्या दिवसाचा बाजार हातचा जातो. शिवाय बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून वॉरंटीत असलेली गाडी डीलरकडून फुकट दुरुस्त कशी करून घ्यावी, याबद्दल आज बोलणार आहे. ट्रॅक्टरलाही यातले बहुतेक सगळे लागू पडते. फरक एवढाच की ट्रॅक्टरची वॉरंटी महिने किंवा चाललेले तास यांवर मोजतात आणि गाडीची महिने किंवा किलोमीटर यांवर. दोन्हींपैकी जे आधी भरेल तिथे वॉरंटी संपते, हे ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका बाहेर काढा. ती बहुतेकांच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी पडून असते. स्वतःला वाचायला जड जात असेल तर कॉलेजात शिकणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या. वॉरंटी म्हणजे काय, तर बनावटीत किंवा मालात दोष निघाला तर तो भाग कंपनी मोफत दुरुस्त करील किंवा बदलून देईल असे वचन. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, फिल्टर, बल्ब, रबरी वस्तू असे झिजणारे भाग सहसा त्यात बसत नाहीत. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी त्या त्या बनवणाऱ्या कंपनीची असते, पण तक्रार डीलरमार्फत करता येते. आणखी एक, बहुतेक कंपन्यांच्या अटींप्रमाणे वॉरंटीचे काम त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत डीलरकडे होते. जिथून गाडी घेतली तिथेच नाक घासायला जायची गरज नाही. एका ठिकाणी दाद लागत नसेल तर शेजारच्या तालुक्यातल्या किंवा जिल्ह्याच्या गावच्या डीलरकडे जाऊन पाहा.

आता डीलर नाही म्हणतो तेव्हा कारणे कोणती सांगतो ते पाहू. सर्व्हिसिंग वेळेवर झालेले नाही, हे पहिले. फुकटच्या सर्व्हिसिंगची कुपने ठरल्या किलोमीटरला वापरा. हंगामाच्या गडबडीत दोन-तीन हजार किलोमीटर पुढे गेले की त्यांना आयते निमित्त मिळते.

दुसरे कारण ओव्हरलोड. हे मात्र आपल्यालाच मान्य करावे लागेल. आरसी बुकावर गाडीचे रिकामे वजन आणि भरलेले जास्तीत जास्त वजन छापलेले असते. दोहोंतली वजाबाकी केली की माल किती भरायचा ते कळते. २० किलोचे ७० क्रेट म्हणजे १४०० किलो माल झाला, वर रिकाम्या क्रेटचे वजन वेगळे आणि सोबत बसलेल्या माणसांचेही. फळ्या वाढवून आणि पाटे जास्तीचे घालून शंभर क्रेट भरणारे पुष्कळ आहेत. त्यांचा मागचा आस तुटला तर कंपनी भरून देणार नाही, आणि त्यात कंपनीची चूक आहे असे मला वाटत नाही. तुम्ही मर्यादेत भरत असाल तर काट्याच्या पावत्या जपून ठेवा. त्या उद्या पुरावा म्हणून कामाला येतील.

तिसरे, बाहेरची वायरिंग. जादा दिवे, हॉर्न, टेप लावताना मिस्त्री मूळची वायर कापून जोड देतो. आजच्या गाड्यांत संगणकासारखी पेटी असते, तिला असे जोड चालत नाहीत. मग कुठलाही विजेचा दोष निघाला की बोट या जोडाकडे जाते. निदान वॉरंटी संपेपर्यंत हात लावू देऊ नका.

चौथे कारण अलीकडचे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानकाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जळायला धूर चांगला तापावा लागतो. गाडी रोज मळ्यातून घरी आणि घरून मळ्यात अशी दोन-चार किलोमीटरच फिरली तर तो तापत नाही, जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि पुढे गाडी आपोआप ताकद कमी करते. दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोठ्या रस्त्यावर काही वेळ एकसारख्या वेगाने चालवून आणा. दिवा तसाच ठेवून पंधरा दिवस फिरलात तर डीलर तुमच्यावर ढकलणार. पण चांगली लांब पल्ल्याची चाल असूनही जाळी वारंवार तुंबत असेल, तर इंजेक्टर, टर्बो किंवा सेन्सर यांत दोष असू शकतो. तेव्हा "नुसती जाळी साफ करू नका, ती का तुंबते ते शोधा" असा आग्रह धरा.

काही गाड्यांना युरियाचे पाणी लागते, त्याला डीईएफ म्हणतात. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेले पाणी असते. खताचा युरिया घरी विरघळवून टाकीत ओतल्याची उदाहरणे कानावर येतात. कृपा करून असे करू नका. आपला शेतीचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचे लेपण केलेला येतो, शिवाय त्यात इतर अशुद्धी असते. तो पिकाला चांगला, पण गाडीच्या पंपाचे आणि सेन्सरचे वाटोळे करतो. वॉरंटीही जाते. सीलबंद कॅन घ्या आणि बिल ठेवा.

"डिझेल खराब होते" हेही नेहमीचे उत्तर. विहिरीवरच्या इंजिनासाठी ड्रममध्ये आणलेले डिझेल गाडीत घालू नका, पंपावरच भरा आणि पावत्या राखा. डीलरने डिझेलवर ठपका ठेवला तर म्हणा, "माझ्यासमोर नमुना काढा, बाटली सील करा, माझी सही घ्या आणि जॉबकार्डावर तशी नोंद करा." मूग-तुरीच्या बियाण्याचा नमुना आपण असाच काढतो की नाही? बोलणे खरे असेल तर ते तयार होतील. नसेल तर विषय तिथेच मिटतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. जॉबकार्ड. गाडी वर्कशॉपला लावताना जो कागद करतात तो. आपले लोक तोंडी सांगतात, "गाडी बघा जरा," आणि कारकून लिहितो "जनरल चेकअप". संध्याकाळी गाडी धुऊन हातात देतात. असे चार वेळा झाले तरी कागदावर तुमची तक्रार एकदाही आलेली नसते! मग वॉरंटी संपल्यावर तुम्ही म्हणता, "मी पहिल्यापासून सांगतोय," आणि ते विचारतात, "कुठे लिहिले आहे?"

म्हणून तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. कशी लिहावी? "गाडी ओढत नाही" एवढे पुरत नाही. असे लिहा : "संगमनेरहून नारायणगावला जाताना चंदनापुरी घाटात, टोमॅटोचे ६० क्रेट भरलेले असताना, तिसऱ्या गिअरमध्ये गाडीची ताकद एकदम कमी होते. पिवळा दिवा लागतो. बंद करून पुन्हा चालू केली की दिवा जातो. महिन्यात तीन वेळा झाले." हे वाचून फिटरलाही नेमके काय शोधायचे ते कळते. रिकामी गाडी शोरूमभोवती फिरवून दोष सापडणारच नाही, म्हणून "भरलेल्या गाडीवर, तुमच्या माणसाला शेजारी बसवून ट्रायल घ्या" असेही लिहायला सांगा. दिवा लागला की लगेच मोबाईलवर त्याचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. स्कॅनर लावल्यावर जे कोड येतात ते जॉबकार्डावर उतरवून घ्या.

कार्डावर तारीख, किलोमीटर, तक्रार आणि त्यांची सही हवी. त्याची प्रत घेतल्याशिवाय चावी देऊ नका. गाडी परत घेताना आधी चालवून पाहा, मगच "काम समाधानकारक" या ओळीखाली सही करा. समाधान झाले नसेल तर तसे लिहूनच सही करा, कोणी अडवत नाही. हे कागद घरी एका फायलीत तारखेवार लावा. एक वही करून त्यात गाडी किती दिवस वर्कशॉपला पडली, त्या काळात भाड्याची गाडी किती रुपयांना लावली, हेही लिहा व त्या पावत्या जोडा. नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर याच आकड्यांवर मागता येते.

वॉरंटी संपायला महिना उरला असेल आणि दोष किरकोळ वाटत असेल, तरी तो नोंदवून ठेवा. मुदतीत नोंदलेली तक्रार मुदतीनंतर सुटा भाग आला म्हणून मरत नाही.

दोन गोष्टी मात्र करू नका. गाडी तापल्याचा काटा वर गेला असताना "गाव जवळच आहे" म्हणून चालवू नका. मूळ दोष पाण्याच्या नळीचा असेल, तो वॉरंटीत बसेल, पण तापल्यावर चालवून हेड वाकले तर ते तुमच्या अंगावर येईल. आणि डीलरवरच्या रागाने कर्जाचा हप्ता थांबवू नका. कर्ज बँकेचे, दोष कंपनीचा, ही दोन खाती वेगळी आहेत. हप्ते थकले की गाडी ओढून नेतात आणि तुमची बाजू खरी असूनही पडते.

एकच दोष घेऊन तिसऱ्यांदा जावे लागले तर काउंटरवर हुज्जत घालत बसू नका. तिथल्या पोराच्या हातात काही नसते. सर्व्हिस मॅनेजरला भेटा आणि कंपनीच्या विभागीय सर्व्हिस अधिकाऱ्याकडून गाडी तपासून मागा. वॉरंटीचा मोठा खर्च मंजूर करायचा झाला तर तो कंपनीला करावा लागतो, डीलरला नाही. डीलर कधी कधी टाळाटाळ करतो ती एवढ्यासाठीच की कंपनीने दावा नाकारला तर भुर्दंड त्याच्यावर पडेल. ही त्याची अडचण समजून घेतली तर बोलणे सोपे जाते. त्याला म्हणा, "तुम्ही कंपनीला लिहा, मीही लिहितो."

पत्र लांबलचक नको. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, खरेदीची तारीख, मग जॉबकार्डांच्या तारखा व किलोमीटर ओळीने, आणि शेवटी : "हा दोष तीन वेळा दुरुस्तीस देऊनही गेलेला नाही. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत दोष शोधून वॉरंटीत दुरुस्त करून द्यावा व केलेल्या कामाची लेखी माहिती द्यावी." डीलर आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच मागा. पूर्वीचे रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच सामील झाले आहे. ई-मेल करता येत असेल तर तोही करा. शिव्याशाप लिहू नका. हे पत्र पुढे तिसरा माणूस वाचणार आहे.

त्यानेही भागले नाही तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येते. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. गाडीला मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये आणि १० ते २० लाखांना ४०० रुपये. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायला हवे.

तिथे समोरची बाजू म्हणेल, "गाडी धंद्यासाठी घेतली, हे ग्राहक नाहीत." घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूत मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालच्या एका निकालात, स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा माणूसही ग्राहक ठरतो असे उदाहरणासह सांगितले आहे. तक्रारीत मात्र तसे स्पष्ट लिहा : माल माझा, गाडी मी किंवा माझा मुलगा चालवतो, यावरच आमचा चरितार्थ. चार गाड्या भाड्याने फिरवणाऱ्याला हे म्हणता येणार नाही.

आणि बनावटीतला दोष आहे असे म्हणायचे तर जाणकाराचा लेखी अभिप्राय लागतो. आयोगाला गाडी शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेकडून तपासून घेण्याची विनंती करता येते. ती न केल्यामुळे खरी प्रकरणेही पडतात. नवी गाडीच द्या म्हणून हटून बसू नका. दोषी भाग बदलून काम होत असेल तर तेवढेच मिळते, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मोटारीच्या एका प्रकरणात तसेच धरले. भाग बदलून द्या आणि वहीत लिहिलेले नुकसान भरून द्या, अशी मागणी ठेवा. कायद्यात ३ महिन्यांत, तपासणी लागल्यास ५ महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असे आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ जातो. म्हणून पहिल्या जॉबकार्डापासूनच काळजी घ्या म्हणतो.

खरीप टोमॅटोचे तोडे सुरू व्हायला ज्यांना अजून अवधी आहे, त्यांनी या आठवड्यात दोन कामे करावीत : वॉरंटीची शेवटची तारीख आणि किलोमीटर पाहून ते गाडीत ड्रायव्हरसमोर चिकटवून ठेवावेत, आणि राहिलेले सर्व्हिसिंग आताच उरकून घ्यावे. हंगामात वर्कशॉपला रांग लागते.